नवव्या मजल्यावरचं ऊन

धुळ्यात पांझरेच्या काठी पहिली नऊ मजली इमारत उभी राहिली तेव्हा साक्री-शिरपूरकडची माणसं एसटीतून उतरून आधी ती पाहायला यायची. खाली उभी राहून मजले मोजायची. मान मागे टाकताना टोपी पडली की एकमेकांना टाळ्या द्यायची. एका म्हाताऱ्याने लिफ्टवाल्याला विचारलं होतं, "बापू, वरलोंग तिकीट किती? आन् येतानाचं वेगळं का?" हा किस्सा पुढे गावभर फिरला. मलाही तो दहा जणांनी सांगितला आणि दहाही वेळा मी हसले नाही. लोकांना ती इमारत दिसायची. मला तिची सावली दिसायची.

माझा धंदा उन्हाचा. मी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून विकायची. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, तिचा घाटा शिजवायचा. तीळ, लसूण, जिरं, तिखट, मीठ. तो गरम असतानाच ओल्या धोतरावर हाताने गोल फिरवत पसरायचा आणि दिवसभराच्या कडक उन्हात वाळवायचा. संध्याकाळी धोतर उलटं करून पाठीला पाणी लावलं की बिबडं सुटून हातात येतं. सगळा खेळ दोन गोष्टींचा. घाटा गार होता कामा नये, आणि ऊन मध्येच जाता कामा नये. ऊन गेलं की खालची बाजू ओली राहते, रात्रीत आंबते, सकाळी तांबूस डाग पडतात. तसला माल जळगावच्या दुकानदाराला दाखवला तर तो टोपलीवरचं फडकं परत टाकतो आणि दुसरीकडे बघतो.

हे सगळं मला अक्काने शिकवलं. ती माझी कुणी नात्याची नव्हती. आम्ही दोघी नदीकाठच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला होतो. ती अमळनेरकडच्या खेड्यातली, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. जिनिंग बंद पडलं, मालकाने कुलूप लावलं, आणि मागचं अंगण, जिथे पूर्वी कापूस पसरायचे, ते रिकामं पडलं. समोर नदी, दक्षिणेला जिनिंगची बुटकी कौलारू शेड, बाकी सगळं उघडं. मी जाऊन मालकाला म्हटलं, तुमची शेड मी राखते, कौल चोरीला जाऊ देत नाही, मला अंगण वापरू द्या. तो हो म्हणाला. पहिल्या वर्षी मी आणि अक्का दोघीच होतो.

"पोरी, हात ओला ठेव," ती सांगायची. "घाटाले हात चिकटना ते बिबडं गयं."

तिचं बिबडं चंद्रासारखं गोल व्हायचं आणि कागदासारखं पातळ. माझं कधीच तसं झालं नाही. पण मला बोलता यायचं. जळगावात, अमळनेरला, बोदवडच्या बाजारात मी दुकानात शिरले की दुकानदार भाव सांगायच्या आधी सुस्कारा सोडायचे. मी कुणाचा पहिला भाव घेतला नाही आणि दुसराही क्वचितच. पाचेक वर्षांत आम्ही दोघींच्या बारा जणी झालो. काही बौद्धवाड्यातल्या, काही यंत्रमागवाल्यांच्या घरातल्या मुसलमान बाया, दोघी नवऱ्यांनी टाकलेल्या. माघापासून वैशाखापर्यंत त्या अंगणावर बारा घरं चालायची.

मग जिनिंग विकलं गेलं. घेणारा एक बिल्डर. पहिल्यांदा आला तेव्हा पांढऱ्या बुटांनी आमच्या धोतरांच्या मधून वाट काढत आला, हे मी त्याच्या बाजूने मांडते. पाय एकाही बिबड्यावर दिला नाही. त्याला रस्त्याच्या अंगाला, जुन्या शेडच्या जागी, इमारत बांधायची होती. वकिलाने त्याला सांगितलं होतं की मागच्या अंगणात बायांची बारा-चौदा वर्षांची वहिवाट आहे, बाई कोर्टात गेली तर काम लटकेल. मलाही एका वकिलाने तेच सांगितलं होतं. म्हणजे दोघांनाही माहीत होतं की दुसऱ्याला माहीत आहे. असा सौदा करायला मला आवडतं.

"ताई," तो म्हणाला, "अंगण तुमचंच. मी फक्त पुढे बांधतो. तुम्ही हरकत नाही म्हणून सही करा."

"किती उंच?"

"नऊ मजले. जळगावला बघा किती उंच चाललंय. आपलं धुळं कशाला मागे राहायचं?"

"आणि माझं ऊन?"

त्याने इंजिनिअरला बोलावलं. वैशाखाचे दिवस होते, टळटळीत दुपार. इंजिनिअरने अंगणात काठी उभी केली आणि तिच्या बुडाशी पडलेली वीतभर सावली मला दाखवली. "बघा ताई, एवढीच पडणार. त्या हिशोबात बिल्डिंगची कितीशी पडेल?"

बाया पुढे होऊन बघायला लागल्या. एक-दोघी खूशही झाल्या. मी ती काठी उपटली आणि त्याच्या हातात दिली.

"ही काठी माघात घेऊन या," मी म्हटलं. "माघात सूर्य तिकडून, दक्षिणेकडून कलून जातो. तेव्हा ही सावली नदीत पाणी प्यायला जाईल. मी चौदा वर्षं उन्हावर जगते, मला वैशाख दाखवता?"

बिल्डर हसला. इंजिनिअरला म्हणाला, "तू जा, चहा पी." अक्काने मागून माझ्या पदराला हिसका दिला. "तो पैसानी मोठा शे, तू तोंडनी," ती हळूच म्हणाली. "सोडू नको."

मी सोडलं नाही. तीन आठवडे तो येत राहिला. तो मला शहराबाहेर दुसरी जागा देऊ करत होता, मी नाही म्हणत होते. बाया चालत येणार कशा? तो एकरकमी पैसे देऊ करत होता, मी तेही नाही म्हटलं. शेवटी मी माझं मागणं टाकलं, जे पहिल्या दिवसापासून डोक्यात होतं. माझं ऊन तुझ्या डोक्यावर जाणार ना? मग मला तिथेच पाहिजे. गच्ची.

कागद मीच सांगून लिहून घेतला. स्टॅम्पपेपरवर, दोन साक्षीदारांसमोर. इमारत उभी असेपर्यंत, दरवर्षी माघ ते वैशाख, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, संपूर्ण गच्ची बिबडे वाळवण्यासाठी. गच्चीवर पाण्याचा नळ. पुढे फ्लॅट कुणालाही विकले तरी ही अट त्यांच्यावर बंधनकारक. नळाचं त्याला आवडलं नव्हतं, त्यावर दोन दिवस घासाघीस झाली, आणि तो मी मिळवला. त्याने पेढे मागवले. त्याचा वकील म्हणाला, "बाई, तुम्ही कोर्टात असतात तर माझी पंचाईत होती." त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यावरून चालत नव्हते, इतकी मला माझीच ऐट वाटत होती. सातवी शिकलेली बाई, आणि नऊ मजली इमारतीचं आकाश लिहून घेतलं.

इमारत उभी राहायला दोन वर्षं लागली. झाली त्या वर्षी माघात, मी म्हटलं होतं तसंच, अंगणात ऐन उन्हाच्या वेळी सावली पडली. सकाळी ती शेजारच्या घाटाच्या पायऱ्यांवर असायची, दुपारी आमच्यावर, संध्याकाळी पुढच्या देवळांच्या कळसांवर. तिच्यात उभं राहिलं की थंडीत अंगावर काटा यायचा. पण आम्हाला तिची फिकीर नव्हती. आम्ही वर गेलो.

ते एक वर्ष मी विसरू शकत नाही. फ्लॅट रिकामे होते. लिफ्टवाला आमच्याच आळीतला, तो आम्हाला फुकट गंमत म्हणून वरखाली न्यायचा. सामान लिफ्टने वर जायचं, चूल आम्ही गच्चीवरच तीन विटांची मांडली होती, घाटा वरच शिजायचा, दोन पावलांवर पसरायचा. आणि ऊन! खालच्या धुळीतलं, झाडांनी चाळलेलं ऊन नाही. सगळ्या बाजूंनी मोकळं. चार वाजेपर्यंत बिबडे खडखडीत. अक्का कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "माय वं, आठून बठ्ठं गाव दिखस." नदी खाली एका बारीक रेघेची झाली होती, कोरड्या पात्रात टरबुजांच्या वाड्या हिरव्या रुमालासारख्या. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होती. त्या वर्षीचा माल जळगावात पहिल्यांदा मी सांगितलेल्या भावाने गेला, आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षाचं आधीच सांगून गेलं.

दुसऱ्या वर्षी लोक राहायला आले. डॉक्टर, कापसाचे दलाल, बँकेतले साहेब. त्यांची सोसायटी झाली आणि एक निवृत्त अधिकारी सेक्रेटरी झाले. माघातल्या पहिल्याच दिवशी ते गच्चीवर आले, विटांची चूल पाहिली, आणि तिच्या खालचं वितळलेलं डांबर बोटाने उचलून मला दाखवलं.

"यामुळे पावसाळ्यात नवव्या मजल्यावर पाणी गळलं. इथे चूल चालणार नाही."

मला राग आला, पण डांबर खोटं नव्हतं. मी म्हटलं, ठीक, खाली शिजवू, वर आणू.

"आणि लिफ्टही चालणार नाही," ते म्हणाले. "लिफ्ट रहिवाशांसाठी आहे. आज सकाळीच तुमचं ओलं पीठ सांडलं, एका बाईंचा पाय घसरला."

मी पिशवीतून कागद काढला. तो मी कायम बरोबर ठेवायची. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, एकदा मागेही उलटून पाहिलं, आणि परत माझ्या हातात दिला.

"यात गच्ची आहे. नळ आहे. लिफ्ट कुठे आहे?"

मी पाहिलं. मी सांगून लिहून घेतलेला कागद मीच पुन्हा वाचला. गच्ची होती, नळ होता, महिने होते, सूर्योदय-सूर्यास्त होता. वर कसं जायचं ते कुठेच नव्हतं.

दोन दिवस नळासाठी भांडले होते मी.

बिल्डरकडे गेले. तो म्हणाला, "ताई, आता सगळं सोसायटीचं. माझ्या हातात काही नाही. जिना आहेच की, जिन्याला कोण अडवतंय?" मी त्याच्या टेबलावर हात आपटला, त्याची पाण्याची बाटली पडली, त्याच्या माणसांनी मला बाहेर आणलं. त्याला ठाऊक होतं. सही करताना त्याने पेढे मागवले ते यासाठीच, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

संध्याकाळी अंगणात सगळ्या जणी बसल्या होत्या. अक्का तांदळातले खडे काढत होती. मी सगळं सांगितलं. तिने आणखी दोन खडे वेचले. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तू आभाय मांगी लिधं, पोरी. वर जावानी वाट मांगानी राही गयी."

कुणी हसलं नाही. तीही हसत नव्हती.

"आखाजीलोंग थांब," ती म्हणाली. "ऊन आपेआप खाले येस."

तिचं बरोबर होतं. चैत्र संपत आला, अक्षय्य तृतीया जवळ आली की सूर्य डोक्यावर येतो, सावली इमारतीच्या पायाशी गोळा होते आणि अंगण पुन्हा आमचं होतं. पण तोवर थांबायचं म्हणजे माघ-फाल्गुन सोडायचा. जळगावची गिऱ्हाइकं फाल्गुनात माल भरतात. आपण नाही गेलो तर ती जागा भुसावळची नाहीतर चोपड्याची बाई घेते, आणि एकदा घेतली की घेतली. शिवाय गच्ची माझी होती. कागद माझा होता. थांबले असते तर सोसायटीवाले म्हणाले असते, बघा, बाई जिन्याला घाबरली.

चार दिवसांनी सेक्रेटरी स्वतः अंगणात आले. मी त्यांना बसायला सांगितलं नाही. ते उभ्यानेच म्हणाले, "मी कमिटीशी बोललो. सकाळी पाच ते साडेपाच लिफ्ट तुम्हाला देतो. लोक उठायच्या आत. दोन-तीन फेऱ्या होतील. लिफ्ट पुसून द्यायची, एवढंच."

बाया माझ्याकडे बघायला लागल्या. कुणाच्याही घरून चार वाजता निघता आलं असतं; त्या तशाही साडेतीनला उठायच्या. माल निम्मा झाला असता, पण झाला असता. अक्काने मान हलवली होती, हो म्हण या अर्थी. मी ती पाहिली होती.

पण पहिला भाव मी कधीच घेतला नव्हता. मला वाटलं, आला आहे म्हणजे दबला आहे, अजून ताणलं तर दिवसाही लिफ्ट देईल. आणि त्या 'लोक उठायच्या आत'ने माझं डोकं फिरलं.

"आम्ही काय चोर आहोत?" मी म्हटलं. "कागदात सूर्योदयापासून लिहिलंय. मी सूर्य उगवल्यावर येईन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येईन. पाचची लिफ्ट तुमच्या दूधवाल्याला द्या."

"विचार करा," ते म्हणाले.

"केला."

ते गेले आणि परत आले नाहीत. मी आठ दिवस वाट पाहिली की येतील. मग स्लॅबवर बाया घमेलं देतात तशी पद्धत आम्ही लावली. खाली दोघी चुलीवर, वर दोघी पसरायला, मधल्या आठ जणी जिन्यावर. घाट्याचं पातेलं गोणपाटात गुंडाळून झाकण बांधायचं; पहिली ते पहिल्या मजल्यावर नेऊन दुसरीच्या हातात द्यायची आणि खाली यायची, दुसरी पुढे. आठ जणी, नऊ मजले, वरून गच्चीचा जिना. शेवटच्या दोघींना जास्त पायऱ्या. पातेलं वर यायला वेळ लागायचा, पण गरम यायचं. फ्लॅटवाले दार उघडून बघायचे. मुलं पायऱ्यांवर बसून मोजायची. मी वरून ओरडून सांगायची, "सांभाळून! थेंब सांडला तर तो सेक्रेटरी कागद काढेल!" बाया खाली हसायच्या. माघ तसा निघाला. पोटऱ्या सगळ्यांच्या दगड झाल्या, पण माल झाला. मला वाटलं, जिंकले.

फाल्गुनात गहू काढणी लागली. गव्हाच्या रानात हातात रोख मजुरीशिवाय वर गव्हाचा वाटा मिळतो, वर्षाची पोळी होते. दोघी जणी तिकडे गेल्या. त्यांना अडवायला मी कोण? जिन्यावर सहाच उरल्या. त्यातल्या एका सकाळी अक्का गच्चीवर माझ्याबरोबर पसरायला होती. दोन पातेली झाल्यावर तिसरं उशिरा आलं आणि घट्ट आलं. मी चिडले. अक्का उठली, पदर खोचला आणि म्हणाली, मी वरचा टप्पा धरते.

"तुम्ही बसा," मी म्हटलं.

"बसीसन घाटा वर येस का?"

ती गेली. मी अडवलं नाही, खरं तर बरंच वाटलं, कारण ती जिथे उभी राहील तिथे काम अडत नसे. चौथं पातेलं आलं, पाचवं आलं. मी एकटीच पसरत होते, हात भाजत होते, ऊन चढत होतं. सहावं येईना. धोतर ओलं करून ठेवलं होतं ते वाळायला लागलं. मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली ओरडले, "कुठं मेल्या गं सगळ्या?"

आवाज नऊ मजले खाली गेला. 

मी उतरले. सातव्या मजल्यावर अक्का एका बंद दाराला पाठ टेकून बसली होती. पाय पसरलेले, पातेलं दोन मांड्यांच्या मध्ये उभं, दोन्ही हात झाकणावर. एक थेंब सांडला नव्हता. चेहरा घामाने निथळत होता आणि रंग राखेसारखा झाला होता.

"काय झालं?"

"काही नही. जरा दम लागना." मग पातेल्याकडे बघून, "घाटा घट व्हयी जाई. ली जाय वर."

मी घेतलं. पातेलं उचललं, वर गेले, धोतरावर घाटा ओतला आणि पसरला. पूर्ण पसरला. गार झाला असता तर फुकट गेला असता. हात धुतले आणि मग खाली आले.

तोवर तिची मान एका बाजूला कलली होती. सातव्या मजल्यावरच्या बाईने दार उघडलं होतं आणि ती तिच्या तोंडावर पाणी मारत होती. तिनेच लिफ्टचं बटण दाबून धरलं, तिनेच खाली आवाज दिला. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरून धावत आले, लिफ्टचं दार त्यांनी स्वतः ओढून धरलं, आणि आम्ही अक्काला आत घेतलं. सेक्रेटरींनी मना केल्यापासून आमच्यातली कुणी लिफ्टने गेली असेल तर ती एवढी एकदाच. खाली गल्लीतली रिक्षा होती. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला हात लावला, डोळे उघडून बघितले आणि मला विचारलं, किती वेळ झाला?



संध्याकाळी तिला नदीवर नेलं. त्याच काठाला, थोडं खाली. तिथून इमारत दिसते. धूर सरळ वर जात होता आणि गच्चीवर आमची धोतरं पसरलेली होती, ती कुणी काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बिबडे धोतराला घट्ट चिकटले होते. कितीही पाणी लावलं तरी सुटेनात. ओढले की तुकडे पडायचे. मी सगळी धोतरं गुंडाळून खाली आणली आणि नदीत सोडली.

तेराव्याला तिच्या गावी गेले. अक्काची सून पंगतीत वाढत होती. ती शांतपणे म्हणाली, "त्या पाच वाजानी लिफ्ट देत व्हतात ना? मंग तुम्ही कसाले नही लिधी?"

कुणीतरी तिला सांगितलं होतं. बारा जणींनी ते ऐकलं होतं, कुणीही सांगू शकलं असतं. मी म्हटलं, लिफ्ट आमच्या हक्काची होती, दिवसाची. ती म्हणाली, "हां," आणि पुढच्या पानाकडे वळली. मी आणखी बोलले. बिल्डरचं सांगितलं, कागदाचं, डांबराचं, पेढ्यांचं. मी बोलत राहिले आणि ती भात वाढत राहिली. घाट्याबद्दल तिने विचारलं नाही, कारण ते तिला माहीत नव्हतं. ते फक्त मला आणि सातव्या मजल्यावरच्या त्या बाईला माहीत होतं, जिने बहुधा दारातल्या भिंगातून मला पातेलं घेऊन वर जाताना पाहिलं असेल.

पुढच्या वर्षापासून बाया आल्या नाहीत. कुणी गव्हाला, कुणी घरकामाला, दोघी त्याच इमारतीत भांडी घासायला लागल्या. त्या लिफ्टने जातात. जळगावची जागा चोपड्याच्या बाईने घेतली. मी किराण्याचं दुकान काढलं, ते चाललं, मला कशाची ददात नाही.

पण वकिलाने मला सांगून ठेवलं होतं की वहिवाट वापरली नाही तर मोडते. म्हणून मी दरवर्षी माघात एक दिवस जाते. एक लहान पातेलं घाटा, एक धोतर. सोसायटीने अक्का गेली त्याच महिन्यात ठराव केला होता, बाईंना गच्चीवर येण्याजाण्यास लिफ्ट वापरू द्यावी, कोणत्याही वेळी. सेक्रेटरींनी ठरावाची नक्कल दुकानावर आणून दिली होती. ती मी स्टॅम्पपेपरला टाचून ठेवली आहे. लिफ्टवाला दार उघडून उभा राहतो. मी जिन्याने जाते.

बिबडे मी एकटीच पसरते, ते अजूनही गोल होत नाहीत. संध्याकाळपर्यंत तिथेच बसते, खाली बघते. अंगणात आता गाड्या उभ्या असतात, सावलीत.

यंदा पहिल्यांदा मध्ये थांबावं लागलं. गुडघे भरून आले होते आणि पातेलं हातात जड झालं होतं. मजला कोणता आहे ते बघितलं नाही, पण पायऱ्या पायांना पाठ आहेत. मी पातेलं खाली ठेवलं, झाकणावर हात ठेवून बसले. समोरचं दार उघडलं, आतून एक नवी मुलगी, सूनबाई असेल, बाहेर आली.

"आजी, पाणी देऊ? बसा ना थोडं."

मी म्हटलं, "नको. घट्ट होईल," आणि उठले.